बुऱ्हाणपूरचं पाणी आणि आजोबांचं कार्ड

भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की सावदा, निंभोरा, रावेर अशी एकेक स्टेशनं मागे पडत जातात आणि दोन्ही बाजूंना केळीच्या बागा दिसत राहतात. वाघोडा गेलं की पुढचं स्टेशन बुऱ्हाणपूर. महाराष्ट्र कुठे संपला आणि मध्य प्रदेश कुठे सुरू झाला ते खिडकीतून कळत नाही. माती तीच, केळी तीच, आणि फलाटावर कानावर पडणारं मराठीही तेच, फक्त त्यात थोडी हिंदी मिसळलेली.

बुऱ्हाणपूर माझं आजोळ. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आई आम्हाला दर वर्षी घेऊन जायची. मग शिक्षण, नोकरी, अमेरिका, आणि बघता बघता बारा वर्षं गेली. या जानेवारीत मुलीला घेऊन गेलो. ती सात वर्षांची आहे, आणि बुऱ्हाणपूर तिच्यासाठी फक्त फोनवर दिसणाऱ्या पणजीचं गाव होतं. आजी आता ब्याऐंशीची आहे, आणि आपण अजून किती वेळा जाऊ याचा हिशोब मनात सुरू झाला होता, हे खरं कारण.

स्टेशन लालबागला आहे, जुनं गाव तिथून काही किलोमीटर पुढे. आजीचं घर लालबागलाच, कारण आजोबा ताप्ती मिलमध्ये कामाला होते. शंभराहून अधिक वर्षांची ही कापड गिरणी. पुढे ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. माझ्या लहानपणी आजीच्या घरातलं घड्याळ नव्हे, मिलचा भोंगा वेळ सांगायचा. या वेळी सकाळी उठलो तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. भोंगा नव्हता. मार्च २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या देशभरातल्या गिरण्या बंद झाल्या, त्यात ताप्ती मिलही होती. ती परत सुरू झालीच नाही. कामगारांनी धरणी धरली, मोर्चे काढले. आता गेटसमोरून जाताना मामा मान वळवून दुसरीकडे बघतात.

पहिल्याच संध्याकाळी आजीने पत्र्याचा डबा काढला. त्यात आजोबांचे फोटो, आईचं शाळेचं प्रगतिपुस्तक आणि एक पिवळट पडलेलं कार्ड. त्यावर आजोबांचं नाव, विमा क्रमांक, घरातल्या माणसांची नावं. कर्मचारी राज्य विम्याचं कार्ड. आजीच्या भाषेत ‘बीमा दवाखान्याचं कार्ड’.

“हे का ठेवलंस आजी अजून?” मी विचारलं.

“याच्यामुळे तुझा मामा आहे,” ती म्हणाली. “बाळ आडवं होतं. सुईणीने हात टेकले. तुझे आजोबा रात्रपाळीला होते, त्यांना गेटवरून बोलावलं. दवाखान्यातून चिठ्ठी मिळाली आणि मोठ्या इस्पितळात नेलं. एक पैसा मागितला नाही कुणी. सावकार नाही, शेठ नाही. कार्ड दाखवलं.”

ही गोष्ट १९६६ ची. मी ती कधी ऐकलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाव बघायला निघालो. मुलीला शाही किल्ला आवडला. ताप्तीच्या काठावर उभा असलेला, अर्धा पडका, पण आतल्या हमामखान्याच्या छतावरची रंगीत नक्षी अजून टिकून आहे. शहाजहानचा मुक्काम दख्खनच्या मोहिमेत याच गावात होता, आणि १७ जून १६३१ रोजी मुमताज महल इथेच गेली, चौदाव्या बाळंतपणात. वय अडतीस. तिला आधी नदीपलीकडे जैनाबादला, आहुखान्यात पुरलं होतं. काही महिन्यांनी तिचं शव आग्र्याला नेलं आणि पुढे तिथे ताजमहाल उभा राहिला. आहुखान्यात आज फार काही नाही. पडक्या भिंती, गवत, आणि नदीवरून येणारा वारा. माझी मुलगी म्हणाली, “म्हणजे ताजमहालाची गोष्ट इथून सुरू होते?” हो, इथूनच.

घरी येऊन आजीला सांगितलं, तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, “राणी होती, तरी गेली. मी मिलवाल्याची बायको, वाचले.” एवढंच बोलून ती मुलीला दराबा खायला देऊ लागली. बुऱ्हाणपूरचा दराबा आणि मावा जिलेबी खाल्ल्याशिवाय कुणी परत जात नाही.

मामांचा पॉवरलूमचा कारखाना घरामागच्या गल्लीत आहे. ‘कारखाना’ म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, बारा लूम आणि सात माणसं. आजोबांच्या निवृत्तीच्या पैशातून मामांनी पहिले चार जुने लूम घेतले होते. शेठ सुताचे बीम पाठवतो, मामा कापड विणून देतात आणि मीटरमागे मजुरी मिळते. कामगारांनाही मीटरप्रमाणेच. लूम सुरू असताना शेडमध्ये बोलता येत नाही, खुणांनी बोलावं लागतं. माझ्या मुलीने कानांवर हात ठेवले. ज्यांना सगळे ‘चाचा’ म्हणतात ते मामांकडचे सर्वांत जुने कामगार. त्यांनी हसून तिला एक रिकामी कांडी खेळायला दिली.

चाचांचा डावा डोळा अर्धवट मिटलेला होता. जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं. दीड वर्षापूर्वी चालत्या लूमवरून धोटा उडाला आणि डोळ्यावर बसला. धोटा म्हणजे दोन्ही टोकांना लोखंडी टोक असलेला लाकडी तुकडा, आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा. तो उडाला की गोळीसारखा जातो. मामांनी त्यांना स्वतःच्या मोटरसायकलवर बसवून जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. चाचांकडे आयुष्मान कार्ड होतं, पण तो दवाखाना त्या योजनेत नव्हता, आणि डोळा फुटलेला माणूस घेऊन यादी कोण तपासत बसणार? अडतीस हजार खर्च आला. मामांनी तो त्याच रात्री भरला. चाचा सहा आठवडे घरी होते.

“मालिक बहुत अच्छे हैं,” चाचा म्हणाले. मला मामांचा अभिमान वाटला.

मग संध्याकाळी मामांनी हिशोबाची वही उघडली. प्रत्येक कामगाराच्या नावाचं एक पान. चाचांच्या पानावर वरतीच लिहिलं होतं: ‘उचल, ३८,०००’. त्याखाली दर हप्त्याला वळते केलेले दोनशे, तीनशे. सहा आठवड्यांत घरखर्चाला दिलेले पैसेही उचलीतच. दीड वर्षानंतर अजून निम्म्याहून जास्त बाकी.

“मामा, हे कापता तुम्ही?”

मामांना माझा प्रश्न लागला. “अरे, मग काय करू? माझ्याकडे झाड आहे का पैशांचं? व्याज घेत नाही मी. या गल्लीत विचार, कोण देतं एवढे पैसे एका रात्रीत? माझ्या माणसांना मी कधी टाकून दिलं नाही.”

ते खरं होतं. मामा खोटं बोलत नव्हते आणि वाईटही वागत नव्हते. पण जो माणूस ‘मालिक अच्छे हैं’ म्हणत होता, तो ती उचल फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जाऊ शकत नव्हता, हेही तितकंच खरं होतं.

त्या रात्री मला आपल्याकडची एक गोष्ट आठवली, आणि ती इथे लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

एप्रिल २०१९ मध्ये स्टॉप अँड शॉपच्या कर्मचाऱ्यांनी केलेला संप आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट आणि ऱ्होड आयलंडमधले ३१,००० कर्मचारी ११ एप्रिलला दुकानांबाहेर पडले. मुख्य वाद होता आरोग्य विम्याच्या हप्त्यात कर्मचाऱ्यांचा वाटा किती वाढवायचा आणि निवृत्तिवेतनाचं काय करायचं याचा. संप अकरा दिवस चालला. या देशात विमा नोकरीला बांधलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर सरकारी मर्यादा आली, तेव्हा कंपन्यांनी माणसं टिकवायला विमा देऊ केला, आणि ती पद्धत कायमची रुजली. त्यामुळे इथे विम्याचा हप्ता वाढणं म्हणजे पगार कापणंच.

आमच्या गावातल्या दुकानाबाहेर तेव्हा दहाबारा माणसं फलक घेऊन उभी होती. त्यात काउंटरवर नेहमी असणाऱ्या एक बाई होत्या. माझ्या मुलीला, ती बाळ असताना, त्या न चुकता स्टिकर द्यायच्या. त्यांनी मला ओळखलं, हात हलवला. मी मान खाली घातली आणि आत गेलो. दूध संपलं होतं, एवढंच. दुसरं दुकान दहा मिनिटांवर होतं. माझ्या खिशात माझ्या कंपनीचं विम्याचं कार्ड होतं. मुलीच्या जन्माच्या वेळी इस्पितळाच्या हिशोबाच्या कागदावरचा मोठा आकडा बघून माझी छाती दडपली होती, आणि त्याखालचा, आम्हाला भरायचा लहान आकडा त्या कार्डामुळे होता. तरी त्या बाई कशासाठी उभ्या आहेत, हे मी वाचलं नाही.

२१ एप्रिलला करार झाला, विमा बराचसा राखला गेला. त्यानंतर वर्षही झालं नाही तोच कोविड आला. मी घरात बसून काम करत होतो, आणि त्या बाई मास्क लावून काउंटरवर होत्या. त्याच मार्च महिन्यात इकडे ताप्ती मिलचं गेट बंद होत होतं. तेव्हा मला त्या दोन गोष्टी एकमेकींना जोडता आल्या नाहीत. बुऱ्हाणपुरात वही बघितल्यावर जोडल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी मामांसमोर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आजोबांचं कार्ड ज्या योजनेचं, ती कुणाच्या दयेतून आलेली नाही. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला योजना कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. आज मालकाने पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराने पाऊण टक्का भरायचा. त्यात कामगाराला आणि घरच्यांना औषधपाणी मिळतं, कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळतात, कामगार बाईला २६ आठवड्यांची पगारी बाळंतरजा मिळते. आयुष्मान योजना इस्पितळात भरती झाल्यावर मोठा आधार देते, पण साध्या तापाची गोळी आणि बुडालेली मजुरी तिच्यात येत नाही.

“पण ते दहा माणसांच्या वर,” मामा म्हणाले. बरोबर होतं. म्हणून तर गल्लीतल्या शेड सात-आठ माणसांच्या वर जात नाहीत. एकाच घरात एक शेड भावाच्या नावावर, दुसरी बायकोच्या.

मी त्यांना सांगितलं की २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षेचा नवा कायदा लागू झाला आहे. त्यात दहापेक्षा कमी माणसं असली, तरी मालक आणि बहुसंख्य कामगार दोघंही राजी असतील तर या योजनेत येता येतं. मग आकडे मांडले. समजा महिन्याची मजुरी १२,०००. मालकाचे ३९०, कामगाराचे ९०. सात माणसांचे मिळून मामांच्या खिशातून महिन्याला २,७३०. आणि चाचांना त्या सहा आठवड्यांत साधारण पंधरा हजार हातात आले असते, दवाखान्याचा खर्च वेगळा. उचल झालीच नसती.

मामांनी पेन्सिल घेतली, मीटरमागे किती पैसे पडतील ते काढलं. “शेजारचा नाही भरणार. शेठ दोन-चार पैशांसाठी बीम त्याच्याकडे टाकील. मग तुझं कार्ड घेऊन मी काय करू?” ही भीती पोकळ नव्हती. बुऱ्हाणपूरच काय, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सगळीकडे लहान लूमवाला असाच वरच्या शेठच्या दराखाली दबलेला असतो. अमेरिकेहून दहा दिवसांसाठी आलेल्या भाच्याने त्याला शहाणपण शिकवावं, हे मलाही बरं वाटत नव्हतं.

आजी कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. “तुझ्या बापाने मिलमध्ये बत्तीस वर्षं काढली,” ती मामांना म्हणाली. “दुखण्याखुपण्यात कुणापुढे हात नाही पसरला. तुझी माणसं तुझ्यापुढे पसरतात. तू देतोस, देव तुझं भलं करो. पण पसरावा लागतोच ना?”

मामा काही बोलले नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही कुंडी भंडारा बघायला गेलो. मामाही आले. ते शाळेत असताना गेले होते, त्यानंतर नाहीच. मुघल सुभेदार अब्दुल रहीम खानखाना, म्हणजे हिंदीच्या पुस्तकात ज्यांचे दोहे असतात तेच रहीम, त्यांच्या काळात १६१५ च्या सुमारास हे काम झालं. सातपुड्यात पडलेला पाऊस जमिनीखालून ताप्तीकडे झिरपतो. ते पाणी वाटेतच अडवायचं म्हणून एका ओळीत सुमारे शंभर विहिरी खणल्या आणि त्या जमिनीखालच्या बोगद्याने एकमेकींना जोडल्या. अशी भुयारी पाण्याची पद्धत मूळ इराणातली. पंप नाही, मोट नाही. उतारावरून पाणी आपोआप गावाकडे येतं. वरून बघितलं तर माळावर नुसत्या गोल कुंड्या दिसतात. खाली, बोगद्यात, पाण्यातल्या चुन्याने भिंती पांढऱ्या झालेल्या आहेत. चारशे वर्षांनंतरही पाणी वाहतं आहे. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत याचं नाव आलं.

मुलीने कुंडीत डोकावून विचारलं, “एवढ्या विहिरी कशाला? एक मोठी खणायची ना.”

मामांनीच उत्तर दिलं. “एकटी विहीर उन्हाळ्यात आटते, बेटा. जोडलेल्या असल्या की एकीचं पाणी कमी झालं तरी दुसरीचं येतं.” ते बोलून गेले आणि माझ्याकडे बघून हसले. “कळलं रे मला. नको बोलूस.”

मी काहीच बोललो नाही.

त्या संध्याकाळी हप्त्याचा हिशोब होता. मामांनी लूम बंद केले आणि सातही जणांना समोर बसवून सगळं सांगितलं. शंका खूप निघाल्या. दवाखान्यात औषध मिळतं का? रांगेत दिवस गेला तर मजुरी बुडणार ना? नव्वद रुपये परत मिळतात का? दोन तरुण कामगारांना कागदावर नावच नको होतं. त्यांना पुढच्या वर्षी सुरतेला जायचं होतं. चाचा शेवटपर्यंत गप्प होते. मग त्यांनी एकच विचारलं, “मालिक, जो पुराना है, वो?”

मामांनी वहीकडे बघितलं. “पुराना भी देखते हैं,” म्हणाले. त्या उत्तरात हो नव्हतं, नाहीही नव्हतं.

पाच जण राजी झाले. बहुमत झालं.

परवा मामांचा फोन आला. अर्ज गेला आहे, नंबर यायचा आहे. शेजारच्या दोन शेडवाल्यांना त्यांनी सांगून बघितलं. एकाने चक्क हसून टाकलं, दुसरा कागद घेऊन गेला. चाचांच्या पानाबद्दल मी विचारलं नाही. तो प्रश्न आता माझा नाही, त्या दोघांचा आहे.

तुम्ही कधी भुसावळकडे गेलात तर बुऱ्हाणपूरसाठी दोन दिवस जरूर ठेवा. थंडीत जा. शाही किल्ला, नदीपलीकडचा आहुखाना, कुंडी भंडारा बघा. रुमालासारखे मोठे मांडे खा आणि येताना दराबा आणा. लालबागला उतरल्यावर कुठल्याही गल्लीत शिरलात तर लूमचा खडखडाट ऐकू येईल. तिथे क्षणभर थांबा.

आणि इकडे कधी दुकानाबाहेर माणसं फलक घेऊन उभी दिसली, तर त्यावर काय लिहिलंय तेवढं तरी वाचा. दूध दहा मिनिटं उशिरा आलं तर काही बिघडत नाही. मी परत आल्यावर त्या दुकानात गेलो होतो. त्या बाई आता तिथे काम करत नाहीत.